धूर नाही, राखही नाही : ई-सिगारेट आणि कायद्याची वाटचाल

तंबाखूचे व्यसन घरात शिरले की त्याची चाहूल पूर्वी लवकर लागत असे. विडी-सिगारेटचा वास कपड्यांना येई, बोटांवर पिवळेपणा दिसे, खिशात काडेपेटी सापडे. गुटख्याची पुडी कोठेतरी राहून जाई. घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट फार दिवस सुटत नसे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र व्यसनाचे एक नवे साधन आले आहे. त्याला काडी लागत नाही, त्याची राख पडत नाही आणि त्याचा वास आंबा, पुदिना किंवा स्ट्रॉबेरीचा येतो. दिसायला ते पेन ड्राइव्हसारखे, लिहिण्याच्या पेनसारखे किंवा रंगीत डबीसारखे असते. मुलाच्या दप्तरात ते आढळले तरी अनेक पालकांना ती संगणकाची एखादी वस्तू वाटते. या साधनाला इलेक्ट्रॉनिक सिगारेट, ई-सिगारेट किंवा तरुणांच्या बोलीत ‘वेप’ म्हणतात.

भारतात या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात हा २०१९ पासून गुन्हा आहे. असे असूनही शहरांतून ती मिळते, आणि ती हाताळणाऱ्या कित्येकांना आपण कायद्याच्या कोणत्या कक्षेत येतो याची कल्पना नसते. हा कायदा कसा घडला, त्यापूर्वी राज्यांनी कोणते प्रयत्न केले आणि सामान्य कुटुंबाशी व व्यापाऱ्याशी त्याचा संबंध कोठे येतो, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

हे साधन आहे तरी काय?

आजच्या स्वरूपातील ई-सिगारेट चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केली. तिची रचना साधी आहे. एक लहान बॅटरी, एक तापणारी तार आणि द्रव साठविण्याची कुपी. या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. ओढताच तार तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत मिसळून फुप्फुसात जातात. लोक त्याला ‘वाफ’ म्हणतात. पण ती पाण्याची निर्मळ वाफ नव्हे. त्यात निकोटिनबरोबर अन्य रसायने आणि तापलेल्या धातूचे सूक्ष्म कणही असू शकतात.

तंबाखू जळत नसल्याने डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण सिगारेटच्या तुलनेत पुष्कळच कमी असते, हे शास्त्रज्ञ मान्य करतात. याच मुद्द्यावर या वस्तूचा प्रसार झाला. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढाला हा कमी हानिकारक पर्याय आहे, असा दावा करण्यात आला. परंतु बाजारात आलेल्या मिठाईसारख्या स्वादांनी आणि खेळण्यासारख्या रूपांनी आकर्षित केले ते कधीही सिगारेट न ओढलेल्या मुलांना. निकोटिनची सवय वेगाने जडते आणि माणसाच्या मेंदूची वाढ साधारणपणे पंचविशीपर्यंत चालू असते. त्या काळात जडलेले व्यसन अवधान, स्मरण आणि मनाचा तोल यांवर परिणाम करते.

अमेरिकेतील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. ‘जूल’ नावाचे पेन ड्राइव्हसारखे साधन तेथे २०१५ मध्ये आले. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत ई-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते. ते २०१८ मध्ये २०.८ टक्के आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के झाले. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील सर्जन जनरलनी या प्रकाराला साथ म्हणून घोषित केले.

कायद्यातील पोकळी

भारतात ई-सिगारेट आली तेव्हा तिला नेमके कोणत्या कायद्यात बसवायचे, हा पहिलाच प्रश्न अवघड होता. सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांवरील २००३ चा कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास मनाई करतो. पण त्या कायद्याच्या अनुसूचीत सिगारेट, विडी, गुटखा यांसारखी नावे आहेत. ई-सिगारेटमध्ये तर तंबाखूचे पानच नाही. विक्रेते नेमका याच फटीचा आधार घेत होते.

दुसरा प्रश्न अधिकारांचा होता. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत आहे. औषधे व विषे हा विषय समवर्ती सूचीत आहे. आयात-निर्यात आणि आंतरराज्य व्यापार हे विषय मात्र संघसूचीत येतात. म्हणजे एखाद्या राज्याने आपल्या हद्दीत विक्री बंद केली, तरी बंदरात उतरणारा माल किंवा शेजारच्या राज्यातून कुरिअरने येणारे पार्सल त्याच्या हाती पूर्णपणे लागत नाही.

या मर्यादेतही काही राज्यांनी पुढाकार घेतला. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली निकोटिन हे औषध ठरते आणि च्युइंगमसारख्या मान्यताप्राप्त स्वरूपाखेरीज ते विकता येत नाही, अशी भूमिका घेऊन पंजाबने निकोटिनयुक्त ई-सिगारेटला मान्यता नसलेले औषध ठरविले. २०१६ मध्ये मोहालीच्या न्यायालयाने अशा विक्रीबद्दल एका विक्रेत्याला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी जूनमध्ये कर्नाटकाने बंदी जाहीर केली. काही राज्यांनी १९१९ च्या विष अधिनियमाचाही आधार घेतला. तमिळनाडूने सप्टेंबर २०१८ मध्ये आणि राजस्थानने मे २०१९ च्या अखेरीस, जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या सुमारास, बंदीचे आदेश काढले. केरळ, बिहार, उत्तर प्रदेश, मिझोरम यांचाही या यादीत समावेश होतो. केंद्राचा कायदा येईपर्यंत सोळा राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश यांनी आपापल्या परीने बंदी घातली होती.

न्यायालयाचा आक्षेप

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०१८ रोजी सर्व राज्यांना सूचनापत्र पाठवून ई-सिगारेटची विक्री, उत्पादन व आयात होऊ देऊ नये, असे कळविले. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने राज्यांच्या औषध नियंत्रकांना तशाच आशयाचे पत्र दिले. विक्रेत्यांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. १८ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने या पत्राच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली.

न्यायालयाचा प्रथमदर्शनी विचार तर्कशुद्ध होता. एखादी वस्तू औषध ठरण्यासाठी ती उपचाराच्या हेतूने विकली जाणे आवश्यक आहे. ई-सिगारेट उपचार म्हणून विकली जात नसेल, तर औषधांच्या कायद्याखाली तिच्यावर बंदी कशी घालणार? मंत्रालयाचे सूचनापत्र हे राज्यांवर बंधनकारक नाही, हेही न्यायालयीन सुनावणीत स्पष्ट झाले होते.

या निर्णयाने एक गोष्ट उघड झाली. जुन्या कायद्याला ओढून-ताणून नव्या वस्तूवर बसविले, की ते न्यायालयाच्या कसोटीवर टिकणे कठीण होते. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. हेतू चांगला असला तरी अधिकाराला स्पष्ट आधार हवा. राज्यांच्या प्रयत्नांमुळे वातावरण तयार झाले होते. आता स्वतंत्र कायद्याची गरज होती. ३१ मे २०१९ रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत संपूर्ण बंदीची शिफारस केली.

२०१९ चा कायदा

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्याच दिवशी राष्ट्रपतींनी अध्यादेश काढला. पुढे २७ नोव्हेंबरला लोकसभेने आणि २ डिसेंबरला राज्यसभेने विधेयक संमत केले. ५ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध अधिनियम अस्तित्वात आला. तो १८ सप्टेंबरपासूनच अमलात आल्याचे मानले जाते. अधिकारांचा प्रश्न सोडविण्यासाठी कायद्याच्या दुसऱ्याच कलमात, हा उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली घेणे लोकहिताचे आहे, असे घोषित केले आहे. राज्यांना जे जमत नव्हते, ते या एका वाक्याने साधले.

कायद्याची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवलेली आहे. एखादा पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याजोगे सूक्ष्म थेंब निर्माण करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण तिच्यात येते, मग त्यात निकोटिन असो वा नसो. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता केवळ तापविणारी उपकरणेही त्यात आहेत. नाव, आकार वा रूप कोणतेही असले तरी फरक पडत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेली उत्पादने तेवढी वगळली आहेत. ‘यात निकोटिन नाही, म्हणून हे चालते’ हा तरुणांमध्ये पसरलेला समज या व्याख्येपुढे टिकत नाही.

कलम ४ नुसार उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सर्वांना मनाई आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आहे. कलम ५ साठ्यासंबंधी आहे; त्याच्या भंगास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पोलीस उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास झडतीचे व जप्तीचे अधिकार आहेत.

ओढणाऱ्या व्यक्तीसाठी कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. भर पुरवठा तोडण्यावर आहे. तथापि, कोणत्याही स्वरूपात व कितीही प्रमाणात ई-सिगारेट बाळगणे हे कायद्याशी विसंगत आहे, अशी भूमिका केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केली आहे. ‘माझ्यापुरती एकच तर आहे’ या समजावर विसंबणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

व्यापारी कुटुंबांनी जाणून घ्यावे असे

या कायद्याचा विचार सहसा पालकांच्या बाजूने होतो. व्यापाऱ्याच्या बाजूनेही तो तितकाच महत्त्वाचा आहे.

कलम ५ मधील शब्दरचना बारकाईने वाचण्यासारखी आहे. एखाद्या जागेचा मालक, भोगवटादार किंवा तिचा ताबा असणारी व्यक्ती जाणूनबुजून ती जागा ई-सिगारेटच्या साठ्यासाठी वापरू देईल, तर तीही दोषी ठरते. गोदाम, गाळा किंवा दुकानाचा पोटमाळा भाड्याने देणाऱ्याने भाडे वेळेवर येते एवढ्यावर समाधान मानू नये. जागेत कोणता माल राहणार, याचा उल्लेख भाडेकरारात असावा. बेकायदा मालास मनाई करणारे कलम असावे आणि जागेला अधूनमधून भेट द्यावी. आपल्याला कल्पना नव्हती, हे पुढे सिद्ध करायचे झाल्यास असा लेखी करारच उपयोगी पडतो.

वाहतूकदार व कुरिअर चालविणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण वाहतूक हा कलम ४ मधील स्वतंत्र गुन्हा आहे. मोबाइलचे सुटे भाग, भेटवस्तू किंवा खेळणी आयात करणाऱ्यांनी खेपेतील प्रत्येक वस्तूचे वर्णन तपासून घ्यावे. सप्टेंबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंद्रा बंदरात सुमारे दोन लाख ई-सिगारेटी पकडल्या. त्यांची किंमत सुमारे ४८ कोटी रुपये होती. एवढा माल एखाद-दुसऱ्या दुकानासाठी येत नसतो. त्यामागे गोदामे, वाहने आणि वितरकांची साखळी असते. त्या साखळीतील एखादा दुवा आपण नकळत होऊ नये, ही दक्षता प्रत्येकाने घ्यायची आहे.

कॉलेजात जाणाऱ्या मुलांबाबत याहून नाजूक प्रश्न निर्माण होतो. परदेशातून आलेल्या नातेवाइकाकडून चार वेप मागवायचे, त्यातील तीन मित्रांना विकायचे आणि पैसे मोबाइलवरून खात्यात घ्यायचे, हा प्रकार मुलांना किरकोळ वाटतो. कायद्याच्या भाषेत मात्र तेथे आयात, वितरण आणि विक्री असे तीन गुन्हे घडलेले असतात, आणि खात्यावरील प्रत्येक जमा रक्कम त्यांची नोंद ठेवते. समाजमाध्यमावर अशा वस्तूची स्तुती करणारी चित्रफीत टाकणे हे जाहिरातीत मोडू शकते. अशा प्रकरणाची पोलिसांत नोंद झाल्यास पारपत्र, व्हिसा आणि नोकरीपूर्व पडताळणी या प्रत्येक टप्प्यावर अडथळा येऊ शकतो.

परदेशांतील नियम

ज्यांची मुले व नातवंडे परदेशी आहेत, त्यांना तेथील नियमांतील फरकही ठाऊक असावा. अमेरिकेत ई-सिगारेट विकता येते, पण डिसेंबर २०१९ पासून संपूर्ण देशात तंबाखू व निकोटिन उत्पादनांच्या खरेदीचे किमान वय २१ आहे. त्यापुढचे नियम राज्यपरत्वे बदलतात. मॅसॅच्युसेट्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व स्वादयुक्त तंबाखू उत्पादनांवर निर्बंध घालणारा कायदा केला. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीने आणि त्यापाठोपाठ न्यू यॉर्कने २०२० मध्ये स्वादयुक्त ई-सिगारेटींची विक्री थांबविली. कॅलिफोर्नियाचा २०२० चा असाच कायदा उद्योगांनी जनमताच्या मागणीने अडवून धरला. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनीच त्याला कौल दिला आणि डिसेंबरपासून तो लागू झाला. मुलांना लक्ष्य करणाऱ्या विक्रीबद्दल अनेक राज्यांनी ‘जूल’ कंपनीवर कारवाई केली आणि कंपनीने २०२२ व २०२३ मध्ये कोट्यवधी डॉलरच्या तडजोडी मान्य केल्या.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून तेथील आरोग्ययंत्रणा प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेट सुचविते. परंतु मुलांत वाढलेला वापर आणि कचरा पाहून एकदाच वापरून फेकण्याच्या उपकरणांवर १ जून २०२५ पासून तेथेही बंदी आली. सिंगापूर व थायलंड या पर्यटकांच्या आवडत्या देशांत नियम कडक आहेत. सिंगापुरात तर ई-सिगारेट जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. सहलीला निघालेल्या तरुणांनी हे विसरू नये.

बंदीवरील आक्षेप आणि त्याचे उत्तर

या कायद्यावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २६ कोटी ७० लाख प्रौढ व्यक्ती तंबाखूचे सेवन करीत होत्या. सिगारेट आणि विडी कोपऱ्यावरच्या टपरीवर खुलेपणाने मिळते. अधिक घातक वस्तू परवानगीने विकायची आणि तुलनेने कमी घातक वस्तूवर बंदी घालायची, यात विसंगती नाही काय?

विसंगती आहे, हे मान्य करायला हवे. परंतु तिचे दोन अर्थ निघू शकतात. एक म्हणजे नवी वस्तूही बाजारात येऊ द्यावी. दुसरा म्हणजे जुनी वस्तू कमी करण्याचे काम अधिक नेटाने करावे. तंबाखू आपल्या समाजात रुजून शतके लोटली. तिच्यावर लक्षावधी लोकांचा रोजगार अवलंबून आहे आणि ती उपटणे अवघड आहे. ई-सिगारेट अद्याप रुजायची होती. मूळ धरण्यापूर्वी तण काढणे सोपे असते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कायद्यामागे हाच विचार दिसतो.

दुसरा आक्षेप अंमलबजावणीचा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे; तरीही तो कोठे मिळतो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ई-सिगारेटचे तसेच होत असल्याची चिन्हे दिसतात. चोरट्या मार्गाने येणाऱ्या द्रवात काय मिसळले आहे, याची तपासणी कोणीच करीत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ६८ जण दगावले. त्यांतील बहुसंख्य रुग्णांनी गांजातील मादक घटक असलेले, अनेकदा अनधिकृत मार्गाने मिळविलेले द्रव ओढले होते आणि त्यातील व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे प्रमुख कारण ठरले. चोरट्या बाजाराचा धोका किती वास्तव आहे, हे यावरून दिसते.

घराची जबाबदारी

कायदा बंदरावर माल पकडू शकतो, दुकानावर छापा घालू शकतो. मुलाच्या खोलीत डोकावणे हे काम मात्र घरालाच करावे लागते. खोलीत किंवा कपड्यांना येणारा अनोळखी गोड वास, चार्जिंगला लावलेली अपरिचित वस्तू, वारंवार स्नानगृहात जाणे, सतत कोरडा घसा व खोकला, वाढलेली चिडचिड आणि पैशांचा हिशेब न लागणे, ही काही लक्षणे आहेत. यांतील एखादे दिसले म्हणजे निष्कर्ष काढू नये. पण विचारपूस अवश्य करावी.

विचारपूस आरडाओरड्याने सुरू झाली की मूल खोटे बोलायला शिकते. आजी-आजोबांपैकी एखाद्याशी त्याचे मोकळेपणाने बोलणे होत असेल तर त्यांनी पुढाकार घ्यावा. ते ओढत असेल तर ‘केव्हापासून’ आणि ‘दिवसातून किती वेळा’ हे शांतपणे समजून घ्यावे. सवय जडली असेल तर ती केवळ निर्धाराच्या अभावामुळे टिकते असे नाही. निकोटिन शरीरालाच मागणी करायला लावते. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेवर विनामूल्य समुपदेशन मिळते. घरात लहान मूल असल्यास द्रवाची कुपी त्याच्या हाती लागणार नाही याची विशेष काळजी घ्यावी. निकोटिनचा द्रव गिळल्यास विषबाधा होते आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.

राज्यांच्या विखुरलेल्या आदेशांपासून देशव्यापी कायद्यापर्यंतचा हा प्रवास काही वर्षांत झाला. आपल्याकडील कायदेनिर्मितीचा वेग पाहता तो पुष्कळच लवकर झाला म्हणायचा. व्यसन देशात खोल रुजण्यापूर्वी कायदा आला, असे भाग्य तंबाखूच्या बाबतीत आपल्याला लाभले नव्हते. ही आघाडी टिकविणे पोलिसांच्या हाती जितके आहे, तितकेच गोदाम भाड्याने देणाऱ्याच्या, दुकान चालविणाऱ्याच्या आणि रात्रीच्या जेवणाला मुलाशेजारी बसणाऱ्या आई-वडिलांच्या हाती आहे.